इलेक्ट्रम वॉलेट : सर्व्हरच्या शब्दावर किती विसंबावे?

बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवण्यासाठी जी वॉलेट उपलब्ध आहेत, त्यांत इलेक्ट्रमइतके जुने आणि तरीही नेटाने चालू असलेले दुसरे क्वचितच सापडेल. थॉमस व्होग्टलिन यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले. त्याचा पायथॉन भाषेतला कोड सर्वांना खुला आहे, ते विनामूल्य मिळते आणि विंडोज, मॅक, लिनक्स व अँड्रॉइडवर चालते. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेल्यावर, एक्स्चेंजवर ठेवलेले नाणे खरोखर आपले किती, हा प्रश्न आपल्याकडच्या ग्राहकांपुढेही उभा राहिला. आणि त्याचे उत्तर शोधू लागणाऱ्याला इलेक्ट्रमचे नाव लवकरच भेटते.

या परीक्षणात इलेक्ट्रमच्या सगळ्या सोयींचा आढावा घेण्याचा हेतू नाही. पैसे पाठवायला जावे, वॉलेटने सही करावी आणि ऐन शेवटच्या क्षणी पडद्यावर चुकीचा संदेश, म्हणजे काहीतरी अडल्याची 'एरर' सूचना, यावी, अशा वेळी तो संदेश नेमका कोणाचा असतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि हे वॉलेट त्या प्रसंगी आपल्याला कितपत साथ देते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. इलेक्ट्रमची खरी परीक्षा याच ठिकाणी झालेली आहे, आणि एकदा ते तीत सपशेल नापासही झाले आहे.

बिटकॉइनची संपूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे आजवरचे सर्व व्यवहार 'ब्लॉक' नावाच्या गठ्ठ्यांत नोंदवणारी साखळी, आज सहाशे जीबीहून मोठी आहे. ती घरच्या संगणकावर उतरवून घेणे बहुतेकांना जमणारे नसते, म्हणून इलेक्ट्रम त्या वाटेला जातच नाही. ते ब्लॉकची ८० बाइटची हेडर, म्हणजे प्रत्येक ब्लॉकचा त्रोटक मथळा, तेवढी तपासते, आणि आपल्या पत्त्यांवर काय जमा झाले व काय खर्च झाले हे दूरच्या एका सर्व्हरला विचारते. हा सर्व्हर इलेक्ट्रमच्या मालकीचा नसतो. जगभरचे हौशी लोक आपल्या बिटकॉइन नोडला (पूर्ण साखळी तपासणाऱ्या संगणकाला) इलेक्ट्रमएक्स, इलेक्ट्रस किंवा फुलक्रम यांपैकी एखादे सॉफ्टवेअर जोडून तो चालवतात आणि सर्वांसाठी मोकळा ठेवतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. सर्व्हर एकमेकांचे पत्ते एकमेकांना कळवतात आणि त्यांतूनच वॉलेटला नवे सर्व्हर माहीत होत जातात. या मोकळेपणामुळेच कोणतेही सरकार किंवा कंपनी इलेक्ट्रम एका फटक्यात बंद पाडू शकत नाही. पण आपण ज्याच्याशी बोलत आहोत तो भला माणूस आहे की लबाड, हे कळायलाही त्यामुळेच मार्ग उरत नाही.

तरीही या रचनेत बेईमान सर्व्हरला करता येण्यासारखे फार थोडे असते, आणि हे आधी समजून घेतले तर पुढची बरीच घबराट टळते. आपली गुप्त किल्ली वॉलेटबाहेर जात नाही, त्यामुळे सर्व्हर परस्पर पैसे काढू शकत नाही. आपण सही करून दिलेला व्यवहार म्हणजे 'अकाउंट पेयी' रेघ मारलेला चेक समजावा: तो बँकेच्या पेटीत टाकायला ज्याच्या हाती दिला, तो फार तर टाकणार नाही किंवा टाकला म्हणून खोटे सांगेल, पण त्यावरचे नाव किंवा रक्कम त्याला बदलता येणार नाही. ब्लॉकमध्ये न गेलेला व्यवहार 'गेला' म्हणून दाखवणेही सर्व्हरला सोपे नाही, कारण इलेक्ट्रम त्यासाठी मर्कल पुरावा (व्यवहार त्या ब्लॉकमध्ये असल्याचा गणिती दाखला) मागते आणि तो हेडरशी ताडून पाहते. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ निबंधातच ही पद्धत सांगितलेली आहे.

सर्व्हरला जे करता येते ते असे : आलेला व्यवहार लपवणे, मुद्दाम मागे राहणे, अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहाराविषयी काहीही सांगणे, आणि आपण दिलेला व्यवहार पुढे न पाठवता त्याबद्दल हवे ते कारण देणे. यांतली शेवटची गोष्ट वरवर सर्वांत निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात सर्वाधिक लोक बुडाले ते तिच्यामुळेच.

डिसेंबर २०१८ च्या उत्तरार्धात अज्ञात हल्लेखोरांनी इलेक्ट्रमच्या जाळ्यात स्वतःचे सर्व्हर मोठ्या संख्येने घुसवले. त्या काळच्या इलेक्ट्रममध्ये अशी सोय होती की व्यवहार पाठवताना सर्व्हरने जो काही चुकीचा संदेश परत दिला, तो वॉलेट जसाच्या तसा खिडकीत दाखवीत असे, आणि त्यातला मजकूर ठळक अक्षरे व दुव्यांसह उमटत असे. हल्लेखोरांनी याचाच फायदा घेतला. वापरणारा पैसे पाठवायला गेला आणि त्याचे वॉलेट दुर्दैवाने त्यांच्या सर्व्हरला जोडलेले असले, की 'सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घ्या' असा शिष्ट भाषेतला संदेश येई आणि त्याखाली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील एका हुबेहूब दिसणाऱ्या पानाचा दुवा असे. तिथून घेतलेले बनावट वॉलेट उघडताक्षणी दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड मागे. हा कोड खऱ्या इलेक्ट्रमला केवळ पैसे पाठवताना लागतो, उघडताना नाही; पण घाईत असलेल्या माणसाच्या हे लक्षात येणे कठीण होते. पहिल्या काही दिवसांतच दोनशेहून अधिक बिटकॉइन गेले. एप्रिल २०१९ मध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने मांडलेला हिशेब ७७१ बिटकॉइनचा होता.

या हल्ल्यात बिटकॉइनचे गणित कुठेच मोडले नव्हते आणि इलेक्ट्रमची सही करण्याची यंत्रणाही शाबूत होती. चूक एवढीच होती की ज्या सर्व्हरवर रकमेच्या बाबतीत विश्वास ठेवायचा नाही असे वॉलेटने पहिल्यापासून ठरवले होते, त्याच सर्व्हरचे बोलणे त्याने स्वतःच्या खिडकीत, स्वतःच्या नावाखाली ग्राहकापुढे मांडले. वॉलेटच्या खिडकीत आलेली सूचना वॉलेटनेच दिली असणार, असे समजणाऱ्या ग्राहकाला मी तरी दोष देणार नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. २१ डिसेंबर २०१८ च्या ३.३.२ या आवृत्तीत सर्व्हरचा संदेश साध्या मजकुराच्या रूपात आणि तो सर्व्हरकडून आला आहे अशा खुलाशासह दाखवणे सुरू झाले. ही मलमपट्टीच होती, कारण साध्या अक्षरांतही दुवा लिहिता येतो आणि माणूस तो स्वतः टाइप करू शकतो. खरा उपाय जानेवारी २०१९ च्या ३.३.३ मध्ये आला : सर्व्हरने दिलेला मजकूर ग्राहकाला दाखवायचाच नाही. आता इलेक्ट्रमकडे बिटकॉइन नोडच्या ओळखीच्या नकारांची एक यादी असते. सर्व्हरचे उत्तर त्या यादीत बसले तर वॉलेट स्वतःच्या शब्दांत कारण सांगते, आणि बसले नाही तर कारण म्हणून फक्त 'अननोन एरर' एवढेच दाखवते. त्याच आवृत्तीपासून नव्या आवृत्तीची सूचनाही सही तपासूनच दाखवली जाते, आणि ती सही ज्या बिटकॉइन पत्त्याशी ताडायची तो पत्ता वॉलेटच्या कोडमध्येच कोरलेला असतो. हा तोडगा मला फार आवडला. बिटकॉइनची सही ओळखणे हेच ज्या सॉफ्टवेअरचे काम, त्याने स्वतःच्या घोषणेसाठीही तीच कसोटी लावावी, यात एक प्रामाणिकपणा आहे.

हल्लेखोर मात्र तेवढ्याने हटले नाहीत. २०१९ च्या वसंतात त्यांनी दीड लाखाहून अधिक बाधित संगणकांची फौज उभी करून प्रामाणिक सर्व्हरांवर विनंत्यांचा इतका भडिमार केला की ते कोलमडावेत आणि जुन्या आवृत्तीची वॉलेट नाइलाजाने लबाड सर्व्हरांकडे वळावीत.

आता आजच्या इलेक्ट्रमकडे येऊ. व्यवहार अडला की सर्वप्रथम खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील गोल ठिपका पाहावा. हिरवा असेल तर सर्व्हरशी जोडणी आहे, निळा असेल तर ती टॉरसारख्या, आपला पत्ता लपवणाऱ्या मध्यस्थ जाळ्यातून (प्रॉक्सीतून) आहे आणि लाल असेल तर जोडणीच नाही. लाल ठिपक्याचे कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते : कार्यालयातील किंवा वसतिगृहातील इंटरनेटवर ५०००१ आणि ५०००२ हे पोर्ट बंद असतात, आणि इलेक्ट्रमचे बहुसंख्य सर्व्हर त्यांवरच ऐकतात. मोबाइलच्या डेटावर जोडणी होऊन वायफायवर होत नसेल, तर सर्व्हरवर संशय घेण्याचे कारण नाही. ठिपक्यावर क्लिक केले की जाळ्याची खिडकी उघडते. वॉलेट एका मुख्य सर्व्हरबरोबरच आणखी काही सर्व्हरांशी जोडलेले असते आणि त्यांच्याकडून हेडर घेऊन पडताळणी करीत असते, हे तिथे दिसते. मुख्य सर्व्हर इतरांपेक्षा काही ब्लॉक मागे असेल, तर इलेक्ट्रम तसे स्पष्ट सांगते. आणि साखळी कुठे फुटली असेल तर तेही दाखवते. मागे पडलेला सर्व्हर लबाडच असेल असे नाही, कित्येकदा तो एखाद्याच्या घरातला दमलेला छोटा संगणक असतो. पण कारण काहीही असो, उपाय एकच : त्याला सोडून दुसरा सर्व्हर निवडावा.

जोडणी ठीक असूनही व्यवहार नाकारला गेला, तर नकाराचे शब्द नीट वाचावेत. बिटकॉइन नोडचे खरे नकार दोन-चार इंग्रजी शब्दांचे, रुक्ष आणि जवळजवळ उद्धट असतात. त्यांत विनंती नसते, सल्ला नसतो, दुवा तर कधीच नसतो. 'मिन रिले फी नॉट मेट' म्हणजे फी त्या नोडच्या किमान दरापेक्षा कमी आहे. हा किमान दर अनेक वर्षे प्रत्येक आभासी बाइटला (व्यवहाराच्या आकाराच्या मापाला) १ साटोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, असा होता. २०२५ च्या उत्तरार्धात बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांनी तो ०.१ वर आणला. परिणामी तोच स्वस्त व्यवहार एक सर्व्हर निमूटपणे घेतो आणि जुन्या आवृत्तीवर चालणारा दुसरा तो नाकारतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. मेमपूल, म्हणजे ब्लॉकमध्ये जाण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची रांग, तुडुंब भरलेला असताना याच जातीचा दुसरा नकार येतो, कारण नोड साधारण ३०० एमबीपर्यंतच वाट पाहणारे व्यवहार ठेवतो आणि त्यापुढे कमी फीवाल्यांना बाहेर काढू लागतो. 'डस्ट' म्हणजे पाठवलेली किंवा परत येणारी रक्कम इतकी क्षुल्लक आहे की नोड ती पुढे नेणार नाही. नव्या पद्धतीच्या सेगविट पत्त्यासाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे २९४ साटोशी आणि जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी ५४६ साटोशी असते.

'इनपुट्स मिसिंग ऑर स्पेंट' हा नकार अधिक विचार करायला लावणारा आहे. त्याचा अर्थ असा की आपण जे नाणे (म्हणजे आधी मिळालेली जी रक्कम) खर्च करू पाहत आहोत, ते त्या सर्व्हरच्या मते एकतर अस्तित्वात नाही किंवा आधीच खर्च झाले आहे. तेच सीड (ज्यातून वॉलेटच्या सर्व किल्ल्या तयार होतात तो गुप्त शब्दसमूह) दुसऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या वॉलेटमध्ये वापरले असेल, तर खुलासा तिथेच मिळतो. सर्व्हर मागे पडला असेल, तर आपल्याला नुकतेच मिळालेले नाणे त्याला ठाऊक नसते. आणि यांपैकी काहीच नसेल, तर नाणे खरोखर कोणी नेले आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासावेच लागते. त्यासाठी आपला पत्ता एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेन चाळून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पाहावा. मात्र तो पत्ता आपला आहे हे त्या संकेतस्थळाला त्यामुळे कळू शकते, ही किंमत ध्यानात ठेवावी. 'मेमपूल कॉन्फ्लिक्ट' म्हणजे तेच नाणे खर्च करणारा दुसरा व्यवहार रांगेत उभा आहे. बहुधा तो आपलाच आधीचा, कमी फीचा व्यवहार असतो, आणि अशा वेळी नवा व्यवहार करण्यापेक्षा त्याच व्यवहारावर उजवी क्लिक करून फी वाढवण्याची सोय वापरणे शहाणपणाचे.

राहता राहिला 'अननोन एरर'. लबाड सर्व्हरचे तोंड बंद करण्यासाठी इलेक्ट्रमने जी चाळणी लावली, तिच्यात कधीकधी प्रामाणिक सर्व्हरचे उपयोगी बोलणेही अडकते, आणि ग्राहकाच्या हाती पडते ती ही दोन शब्दांची पाटी. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. या पाटीबरोबर वॉलेट स्वतःच्या वतीने दुसरा सर्व्हर निवडून पाहण्याचेही सुचवते, पण खरे कारण न कळल्यामुळे नवखा माणूस तरीही गूगलवर शोधत फिरू शकतो. तो शोध घेणाऱ्यांची वाट पाहणारे 'मदतनीस' टेलिग्रामवर कमी नाहीत, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी बारा शब्दांच्या सीडबद्दलच असतो.

चुकीच्या संदेशानंतर सर्वांत महागात पडणारी कृती म्हणजे घाईने नवा व्यवहार करणे. सर्व्हर 'पाठवता आले नाही' असे सांगतो, पण त्याने तो व्यवहार पुढे पाठवलेला असू शकतो. लबाडीने असे होईल तसेच, उत्तर येण्याआधी जोडणी तुटल्यामुळेही होईल. ग्राहक तीच रक्कम पुन्हा पाठवतो, वॉलेट दुसऱ्या वेळी वेगळे नाणे उचलते, आणि दोन्ही व्यवहार एकमेकांना न अडवता ब्लॉकमध्ये जातात. पैसे दोनदा गेले, आणि समोरचा माणूस सज्जन असला तरच ते परत येणार. यावरचा उपाय इलेक्ट्रममध्ये आहे, फक्त तो माहीत हवा. 'व्ह्यू' यादीतून नाण्यांचा टॅब उघडा ठेवावा, आणि पुन्हा व्यवहार करायचाच असेल तर पहिल्या वेळी वापरलेले तेच नाणे निवडून करावा. एकच नाणे खर्च करणारे दोन व्यवहार साखळीत एकत्र राहूच शकत नाहीत. त्यांतला एकच टिकतो.

याहून चांगली सवय म्हणजे 'पे' दाबल्यावर थेट पाठवण्याऐवजी 'प्रीव्ह्यू' घेणे, व्यवहार पक्का करून सही करणे आणि मग 'सेव्ह' दाबून तो वॉलेटमध्ये ठेवणे. तो 'लोकल' असा शिक्का घेऊन इतिहासात दिसू लागतो. सही झालेला व्यवहार आता आपल्या हातात असतो आणि त्याची ओळखसंख्याही दिसत असते. सेगविट पत्त्यांच्या बाबतीत ती पुढे बदलत नाही. एका सर्व्हरने नाकारले तर दुसरा निवडून तोच व्यवहार पुन्हा पाठवता येतो. तेही जमले नाही, तर व्यवहाराचा कच्चा मजकूर कॉपी करून मेमपूल डॉट स्पेस किंवा ब्लॉकस्ट्रीम डॉट इन्फो यांच्या प्रसारणाच्या पानावर चिकटवता येतो. आधी सांगितलेल्या कारणामुळे त्यांनाही त्यात फेरफार करता येत नाही. एखादा व्यवहार तीन परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी सारख्याच शब्दांत नाकारला गेला, तर दोष व्यवहारात आहे. एकीकडे नाकारला आणि दुसरीकडे स्वीकारला गेला, तर पहिल्या सर्व्हरला रामराम ठोकावा. इलेक्ट्रमची ही सोय माझ्या मते त्याच्या सर्व सोयींत मोलाची आहे, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी आहे.

फीच्या अंदाजाबाबतही एक सूचना करायला हवी. फी किती ठेवावी हे वॉलेट सर्व्हरांनाच विचारते. सर्व्हर आपोआप निवडण्याचा पर्याय चालू असेल, तर इलेक्ट्रम जोडलेल्या सर्व सर्व्हरांच्या अंदाजांतला मधला आकडा घेते, त्यामुळे एकट्यादुकट्या लबाडाने फुगवलेला दर चालत नाही. आपण एकच सर्व्हर पक्का केला, की हे संरक्षण जाते आणि त्याच सर्व्हरचा शब्द अंतिम ठरतो. म्हणजे 'विश्वासू म्हणून एकच सर्व्हर ठरवा' हा सरसकट दिला जाणारा सल्ला तेव्हाच योग्य, जेव्हा तो सर्व्हर खरोखर आपल्या ओळखीचा असतो.

आणि ओळखीचा म्हणजे, शक्यतो, आपलाच. ज्यांच्याकडे एक टीबीची एसएसडी आणि अखंड चालू ठेवता येईल असा लहानसा संगणक आहे, त्यांनी बिटकॉइन कोअरबरोबर इलेक्ट्रस किंवा फुलक्रम बसवून इलेक्ट्रम फक्त त्यालाच जोडावे. वॉलेट सुरू करताना 'वनसर्व्हर' हा पर्याय दिला की ते इतर कोणाशीही बोलत नाही. जागा कमी असेल तर क्रिस बेल्चर यांचे इलेक्ट्रम पर्सनल सर्व्हर छाटलेल्या, म्हणजे जुने ब्लॉक काढून टाकलेल्या, ब्लॉकचेनवरही चालते. पहिल्यांदा पूर्ण साखळी उतरवायला वेळ लागतो आणि लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवाचून हा खटाटोप सुखाचा होत नाही. पण त्यानंतर चुकीच्या संदेशामागे कोण बोलत आहे, हा प्रश्नच उरत नाही. सार्वजनिक सर्व्हरला आपले सगळे पत्ते एकत्र दिसतात आणि त्यावरून आपली एकूण शिल्लक समजते, ही अडचणही त्यामुळे मिटते. थोड्या रकमेसाठी हा व्याप नको असेल, तर निदान टॉरमधून जोडणी करावी. त्याने सर्व्हर प्रामाणिक होत नाही, पण त्याला आपला आयपी पत्ता तरी कळत नाही.

इलेक्ट्रमवर माझा मुख्य आक्षेप याच मुद्द्यावर आहे. स्पॅरो हे त्याच सर्व्हरांशी त्याच भाषेत बोलणारे नवे वॉलेट सार्वजनिक सर्व्हर, स्वतःचा बिटकॉइन कोअर आणि स्वतःचा इलेक्ट्रम सर्व्हर यांसाठी अनुक्रमे पिवळा, हिरवा आणि निळा असे वेगळे रंग वापरते. आपण आत्ता परक्याच्या भरवशावर आहोत की स्वतःच्या, हे वापरणाऱ्याला सतत दिसत राहते. इलेक्ट्रमचा हिरवा ठिपका मात्र केवळ 'जोडणी आहे' एवढेच सांगतो, आणि हिरवा रंग पाहून 'सगळे ठीक आहे' असा निष्कर्ष काढणे हा माणसाचा स्वभाव आहे. ज्या वॉलेटने अनोळखी सर्व्हरमुळे एवढी मोठी किंमत मोजली, त्याने ही खूण अजून बदललेली नाही, याचे आश्चर्य वाटते. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की जुन्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रम जितके हलके चालते तितके स्पॅरो चालत नाही, आणि लाइटनिंगची (बिटकॉइनचे झटपट छोटे व्यवहार करणाऱ्या जाळ्याची) सोय इलेक्ट्रममध्ये २०२० पासून आहे, जी स्पॅरोत नाही.

डाउनलोडच्या बाबतीत तडजोड करू नये. इलेक्ट्रमचे अधिकृत संकेतस्थळ इलेक्ट्रम डॉट ओआरजी हे एकच आहे, आणि फाइलबरोबर थॉमस व्होग्टलिन व इतर विकासकांच्या जीपीजी सह्या (फाइल खरी असल्याची खात्री करून देणाऱ्या डिजिटल सह्या) दिलेल्या असतात. त्या ताडून पाहण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही. आयफोनसाठी अधिकृत इलेक्ट्रम नाही. त्यामुळे ॲपलच्या दुकानात त्या नावाचे काही दिसले, तर ते इलेक्ट्रम नव्हे हे पक्के समजावे. बनावट वॉलेटमध्ये सीड टाइप झालेच, तर त्या संगणकाचे इंटरनेट तोडून, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर नवे वॉलेट तयार करावे आणि उरलेली नाणी त्यात ताबडतोब हलवावीत. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे त्यानंतर, कारण बिटकॉइनचा व्यवहार उलटवण्याचा अधिकार पोलिसांकडेही नाही.

एका गटासाठी मात्र इशारा अजून ताजा आहे : ज्यांनी २०१७ च्या तेजीत थोडे बिटकॉइन घेऊन इलेक्ट्रममध्ये ठेवले आणि मग तो लॅपटॉप माळ्यावर टाकला. त्यांच्या यंत्रावर ३.३ पूर्वीची आवृत्ती असणार, आणि तिला लबाड सर्व्हरचे बोलणे अजूनही खरे वाटते. ऑगस्ट २०२० मध्ये अशाच एका वापरकर्त्याने २०१७ पासून न उघडलेले वॉलेट जुन्या आवृत्तीत उघडले, व्यवहार अडल्यावर आलेल्या सूचनेनुसार 'अपडेट' बसवले आणि १,४०० बिटकॉइन गमावल्याचे जाहीर केले. असा लॅपटॉप सापडला तर तो इंटरनेटला न जोडता सुरू करावा, वॉलेटची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि सीड कागदावर लिहिलेले आहे ना ते पाहावे. मग दुसऱ्या संगणकावर सही तपासून बसवलेल्या आजच्या इलेक्ट्रममध्ये ती फाइल उघडावी. जुन्या फाइल नवी आवृत्ती बिनतक्रार वाचते.